सातबाऱ्यात न मावणारा गोठा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत जवाहरनगर लागते. आयुध निर्माणीची ही वसाहत १९६० च्या दशकात उभी राहिली. २४ जानेवारी २०२५ रोजी निर्माणीतील स्फोटात अनेक जणांनी प्राण गमावले, तेव्हा हे नाव देशभर उच्चारले गेले. वसाहतीच्या कुंपणाबाहेर मात्र धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि गुरांचे कळप असा भंडारा जिल्ह्याचा नेहमीचा मुलूख सुरू होतो. जमिनीचा धनी एक आणि कसणारा दुसरा, ही या मुलखात जुनी रीत आहे. बदलले ते इतकेच की, धनी आता अनेकदा गावात राहत नाही. नोकरीनिमित्त तो एखाद्या वसाहतीत, भंडाऱ्यात, नागपुरात किंवा पुण्यात असतो आणि वडिलोपार्जित शेत बटईने किंवा ठेक्याने दिलेले असते. धानाचा वाटा कसा करायचा, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. गुरांचे काय करायचे, हे मात्र ठरलेले नसते आणि तंट्याचे मूळ तेथेच असते.

या तंट्यांचे स्वरूप बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. मळणी झाली, धानाची पोती ठरल्याप्रमाणे वाटली गेली. पण तणसाचा ढीग कोणाचा? बटईदाराच्या दावणीला बैलजोडी आणि एखाद-दुसरी गाय असते. उन्हाळ्याचे दिवस तिला याच तणसावर काढायचे असतात. धन्याला मात्र त्यात चार रोख पैसे दिसतात. कापणी हार्वेस्टरने झाली तर तणस बांधीतच विखुरते आणि गोळा होण्याआधीच कोणी काडी लावली तर वर्षभराचा चारा तासाभरात राख होतो. धुऱ्यावरचे गवत कापायचे कोणी, बोडीवर गुरे पाण्याला न्यायची की नाही, शेताच्या कडेला चार खांब रोवून गोठा टाकायचा की नाही, पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला दिले तर पहिल्याच्या गुरांना जुन्या वाटेने जाऊ द्यायचे की नाही, अशा प्रत्येक गोष्टीतून वादाला तोंड फुटते. त्यातच लाखोळीचा प्रश्न आहे. पूर्वी धान निघाले की शिवार गुरांना मोकळे होई. आता उभ्या धानात टाकलेली लाखोळी राखायची असते आणि जेथे सिंचनाचे पाणी पोहोचले आहे तेथे उन्हाळी धान उभे राहते. शिवार मोकळे असण्याचे दिवस घटले. जनावराचे पोट मात्र तेवढेच राहिले.

वाद हाताबाहेर गेला की तो कोंडवाड्यापर्यंत पोहोचतो. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या कायद्यानुसार पिकाची नासाडी करणारी गुरे पकडून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात धाडता येतात आणि पकडलेली गुरे बळाने सोडवून नेणे हा अपराध ठरतो. पीक कोणाचे आणि गुरे कोणाची, एवढे दोनच प्रश्न हा कायदा विचारतो. या गुरांनी चरायला जायचे कोठे होते, हा तिसरा प्रश्न त्याच्या चौकटीत बसत नाही. गावाला मात्र रोज याच प्रश्नाला सामोरे जावे लागते.

धनी आणि बटईदार यांनी एकत्र बसून हे आधीच का ठरवू नये, असे कोणीही विचारील. न ठरवण्यामागे एक भीती आहे. स्वातंत्र्यानंतर 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कायद्यात आले. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. विदर्भासाठी १९५८ साली स्वतंत्र कुळकायदा झाला आणि त्यानुसार १ एप्रिल १९६१ पासून कुळांकडे मालकी जाण्यास प्रारंभ झाला. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या असंख्य कुटुंबांना या कायद्यांनी मान दिला, यात शंका नाही. परंतु 'कुळ लागेल' ही धास्तीही त्यांच्यामागोमाग घराघरांत शिरली. म्हणून बटईचा करार कागदावर येत नाही. कसणारा दर एक-दोन वर्षांनी बदलला जातो. शेतात गोठा बांधू दिला जात नाही, कारण गोठा म्हणजे वहिवाटीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा! धनी म्हणजे दरवेळी बडा जमीनदारच असतो असेही नाही. दोन एकरांवर ज्यांचे म्हातारपण अवलंबून आहे, अशी विधवा किंवा सीमेवर असलेला जवान हेही 'धनी'च असतात आणि त्यांची धास्ती टिंगलीवारी नेण्यासारखी नाही. पण या धास्तीची किंमत अखेर मोजतो तो बटईदार, आणि त्याच्याहून अधिक त्याच्या दावणीचे मुके जनावर.

भंडाऱ्याच्या भूमीत हा प्रश्न पूर्वी असा नव्हता. येथे मालगुजारी होती. मालगुजार हा सारा भरणारा गावाचा धनी खरा. परंतु गावच्या पडीत जागेवर, झुडपी रानावर, तलावाच्या पाण्यावर रयतेचा निस्ताराचा हक्क होता. निस्तार म्हणजे घरगुती आणि शेतीच्या गरजा भागवणे : जळण, वासे-बल्ल्या, पाणी आणि गुरांची चराई. हे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या गावच्या रिवाजाच्या दस्तऐवजात नोंदले जात. मालगुजारीचा काळ म्हणजे रामराज्य होते असे मुळीच नाही. वेठबिगार आणि जुलूम यांच्या कहाण्या त्या काळाने भरपूर मागे ठेवल्या आहेत. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेने मान्य केली होती. जमीन एकाची असली तरी गावच्या गुरांना चरायला जागा आणि प्यायला पाणी असलेच पाहिजे, ते कोणाच्या मेहेरबानीवर सोडता येणार नाही.

त्या व्यवस्थेत धनी आणि रयत यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा होता, तो म्हणजे गायकी. सकाळी आखरावर गुरे गोळा होत, गायकी ती रानात नेई आणि दिवेलागणीला घरोघर पोहोचवी. त्याबद्दल त्याला घरटी धान्य मिळे. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गोवारी बांधव ढाल मिरवत, तेव्हा सारे गाव त्याच्या कष्टांना मान देई. एकाच कळपात धन्याचीही गुरे असत आणि रयतेचीही; त्यामुळे कळपाची वाट अडवावी असे कोणाला वाटत नसे. पुढे चराईची राने आकसली, घरटी गुरे कमी झाली आणि गायकी मिळेनासा झाला. ज्यांनी शतकानुशतके गावाची गुरे राखली, त्या गोवारी समाजाला आपल्या मागण्यांसाठी नागपूरच्या रस्त्यावर उतरावे लागले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथील चेंगराचेंगरीत ११४ जणांचा बळी गेला. एवढ्या मोठ्या दुःखातूनही गावातल्या चराईच्या व्यवस्थेकडे पाहण्याची दृष्टी समाजाला आली नाही.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये पडीत व झुडपी जमिनी शासनाकडे आल्या. निस्ताराचा हक्क मात्र कायद्याने बुडवला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे. कलम १६१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांनी गावकऱ्यांचे मत जाणून गावच्या मोकळ्या जमिनीच्या व्यवस्थेचे हे पत्रक तयार करायचे असते आणि गुरे कोणत्या अटींवर चारायची हा त्यातला एक मुख्य विषय असतो. कायदा आहे, पत्रकही आहे. पण आपल्या गावच्या निस्तारपत्रकात काय लिहिले आहे हे किती सरपंचांनी, किती ग्रामसभांनी वाचले आहे?

दरम्यान जमिनीचे नावही बदलले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल जमिनींना वनजमीन मानावे, असा निर्णय दिला. हे क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. अतिक्रमणे आणि भूखंडांचा बाजार यांपासून ही राने वाचावीत, ही भूमिका स्वागतार्हच आहे. परंतु ज्या जागा मुख्यतः गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेल्या होत्या, तेथे यापुढे गुरांचे स्थान काय, हे ग्रामसभांनीच जागेपणाने मांडले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचा आणि चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. तो मागावा मात्र लागतो.

या सगळ्याकडे आपल्या परंपरेने कसे पाहिले होते? स्मृतिकारांनी व्यवहारातील तंट्यांचे जे अठरा विभाग केले, त्यांतील एक स्वतंत्र विभाग 'स्वामिपालविवाद' हा आहे. स्वामी म्हणजे जनावरांचा धनी आणि पाल म्हणजे ती राखणारा. हजारो वर्षांपूर्वी या विषयाला स्वतंत्र प्रकरण द्यावेसे वाटले, यातच त्याचे महत्त्व दिसते. याज्ञवल्क्यस्मृतीत, जिच्यावर कल्याणच्या चालुक्यांच्या राजधानीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, या प्रकरणाची मांडणी अतिशय समतोल आहे. सकाळी जशी सोपवली तशीच गुरे राखणाऱ्याने सायंकाळी परत केली पाहिजेत; त्याच्या हलगर्जीपणाने जनावर दगावले तर भरपाई त्याने द्यायची. दुसऱ्याच्या पिकात गुरे शिरली तर दंड आहे. परंतु शेत वाटेच्या कडेला किंवा चराऊ रानाच्या काठावर असेल आणि गुरे नकळत शिरली असतील, तर दोष नाही. आणि या सर्वांच्या मुळाशी एक दंडक आहे : गाव आणि शेत यांच्यामध्ये शंभर धनुष्ये, म्हणजे सुमारे सहाशे फूट, जागा गुरांसाठी मोकळी सोडली पाहिजे. गाव मोठे असेल तर ती दुप्पट आणि नगराभोवती चौपट.

स्मृतींतील अनेक गोष्टी आज त्याज्य आहेत आणि समाजाने त्या टाकून दिल्या हे योग्यच झाले. पण या प्रकरणातला विवेक टाकण्यासारखा नाही. जुन्या शास्त्रकारांनी दंड सांगण्याआधी चराईची जागा ठरवली होती. आज दंड शिल्लक आहे आणि जागा नाहीशी झाली आहे. जागा न ठेवता दंड तेवढा वसूल करणे, याला न्याय म्हणता येईल काय?

गाईविषयी श्रद्धा बाळगणाऱ्या समाजाने तर हा प्रश्न स्वतःलाच विचारला पाहिजे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेला संपूर्ण गोवंश हत्याबंदीचा कायदा राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर मार्च २०१५ मध्ये अमलात आला. गाईबरोबर बैल आणि वळू यांनाही संरक्षण मिळाले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंच्या पोषणासाठी दररोज प्रत्येकी ५० रुपयांचे अनुदान देण्याचा निर्णय घेतला. हे निर्णय समाधान देणारे आहेत. पण थकलेला बैल पहिल्यांदा असतो तो बटईदाराच्या दावणीला, गोशाळेत नव्हे. ज्याच्याकडे स्वतःची गुंठाभर जमीन नाही, ज्याला शेतात गोठा टाकायला परवानगी नाही आणि ज्याच्या वाट्याचे तणसही नक्की नाही, त्याने तो बैल कशाच्या बळावर पोसायचा? कायद्याने जनावराचा जीव वाचवता येतो. त्याच्यासमोर पेंढी टाकण्याचे काम समाजाचे आहे. पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी घालायचे, शिंगांना बेगड लावायची, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच बैलाची पाण्याची वाट काटेरी तारेने बंद करायची, या वागण्याला श्रद्धा हे नाव शोभत नाही.

जनावरच जेव्हा वाट्याने दिलेले असते, तेव्हा गुंतागुंत अधिक वाढते. धनी कालवड देतो, राखणारा ती वाढवतो आणि पुढे वासरांचा किंवा किमतीचा वाटा होतो, ही पद्धत खेड्यापाड्यांत सर्वत्र परिचित आहे. सर्व सुरळीत असेपर्यंत तोंडी बोली पुरते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली तेव्हा राज्य शासनाने दगावलेल्या दुधाळ जनावरासाठी ३० हजार, ओढकामाच्या जनावरासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपयांची मदत जाहीर केली. मदत जनावराच्या मालकाला मिळणार हे उघड होते. रात्री उठून जखमा धुणाऱ्याचा, औषधाला पदरचे पैसे घालणाऱ्याचा त्यात वाटा किती, याचे उत्तर कोणत्याही कागदावर नव्हते.

असे कागद करता येत नाहीत असे नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेत जनावरे राखायला देण्याच्या कराराचे स्वतंत्र प्रकरण आहे. राखणाऱ्याची चूक नसताना सगळी जनावरे दगावली तर तो तोटा धन्याचा, आणि असा संपूर्ण तोटा राखणाऱ्यावर लादणारी अट करारात घातली तरी ती निरर्थक, असे तेथे ठरवून दिले आहे. याज्ञवल्क्याने हलगर्जीपणापुरतीच राखणाऱ्याची जबाबदारी मानली होती. दोन्हींतला न्याय एकच आहे. आपल्याकडेही १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने स्वतःच्या शेतीची गुरे चारणे आणि दुग्धव्यवसाय किंवा पशुपैदास यांसारखे जोडधंदे यांत फरक केला होता. शेतीसाठी बैलजोडी ठेवणे वेगळे आणि दहा म्हशींचा धंदा थाटणे वेगळे. धन्याची तक्रार पुष्कळदा दुसऱ्या प्रकाराबद्दल असते आणि बंदी मात्र पहिल्यावर येते. हा फरक दोघांनी मोकळेपणाने बोलून घेतला तरी निम्मे तंटे मिटतील. नीती आयोगाने २०१६ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भूपट्टा कायद्याच्या मसुद्यातही शेतीबरोबर पशुपालनासाठी जमीन ठेक्याने देण्याचा विचार केलेला आहे आणि मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला निश्चिंती देण्याचा प्रयत्न आहे. कुळ लागण्याच्या धास्तीवरचा खरा उतारा तोच आहे. राज्याने या दिशेने पाऊल टाकण्याची वेळ आली आहे.

परंतु सर्व गोष्टींसाठी शासनाकडे बोट दाखवणे हा जागृत समाजाचा स्वभाव असू शकत नाही. गावाने स्वतः करण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, ग्रामसभेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांचे जाहीर वाचन व्हावे. नोंद अपुरी असेल तर ग्रामपंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीची मागणी करावी. चौकशी करून नोंद बदलण्याचा अधिकार त्यांना आहे. दुसरी गोष्ट, गुरांच्या वाटा आणि पाणवठे गावाने स्वतः निश्चित करून मोकळे करावेत. वाट अडवली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण दावा लावून उघडलेली वाट दोन घरांमधले बोलणे बंद करते. चार शहाण्या माणसांनी मध्ये पडून उघडलेली वाट गावाला जोडते. तिसरी गोष्ट, जेथे पाच-पन्नास घरांची गुरे उरली आहेत तेथे सर्वांनी मिळून पुन्हा गायकी ठेवावा. त्याला धान्याच्या पायलीवर न राबवता रोख आणि सन्मानाचा मोबदला द्यावा.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड आहे. ती शहरात राहणाऱ्या, गावी शेत असलेल्या सुशिक्षित कुटुंबांनी करायची आहे. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते आणि उन्हाळ्यात बटईचे बोलणे होते. त्या वेळी धानाच्या वाट्याबरोबर गुरांचे चार शब्दही बोलले जावेत. तणस कोणी किती घ्यायचे. गुरांनी पाणी कोठे प्यायचे आणि कोणत्या वाटेने जायचे. शेताच्या कोपऱ्यात तात्पुरता गोठा कोठे असेल आणि तो मालकीचा पुरावा ठरणार नाही, हे दोघांनाही कसे मान्य आहे. जनावर आजारी पडले तर खर्च कोणाचा आणि दगावले तर नुकसान कोणाचे. शेत पुढल्या वर्षी दुसऱ्याला द्यायचे असेल तर पहिल्याच्या गुरांना किती दिवसांची मुदत. पोलीस पाटील किंवा गावातील जुन्या शिक्षकांसारखा एखादा विश्वासू माणूस साक्षीला घेऊन या पाच-सहा ओळी लिहून ठेवायला अर्धा तास पुरतो.

अशा ओळी लिहिल्याने धन्याची जमीन कमी होणार नाही आणि बटईदाराचा मानही जाणार नाही. उलट ज्या घरातून समरसतेच्या गोष्टी बोलल्या जातात, त्या घरातल्या बटईच्या कागदावर ती समरसता प्रथम दिसली पाहिजे. गोसेवेचा फलक चौकात लावण्याआधी तिची नोंद स्वतःच्या शेताच्या करारात व्हावी. भंडाऱ्याच्या शिवारात पुढचे धान निघेल तेव्हा तणसाचा ढीग कोणाचा हे विचारण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढी तयारी यंदाच्या बोलणीत करणे प्रत्येक धन्याच्या हातात आहे.